फुगा चालू स्थितीत

फुगा फुटला. पल्लवीने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"परत लावा की सर," गवसाने बाई म्हणाल्या.

मी परत लावला. पडद्यावर निळं आभाळ आलं, वर एक ढग आला, खाली दात विचकणारं निवडुंग आलं, मध्ये लाल फुगा आला आणि आला म्हणेपर्यंत निवडुंगावर पडून फुटला. फटाका वाजावा तसा आवाज झाला. तो बाईंना आणि मला ऐकू आला. पल्लवीला जन्मापासून काहीच ऐकू येत नव्हतं. तिला फुगा होता आणि नाही, एवढंच दिसलं. माइक हातात घट्ट धरून ती आधी पडद्याकडे, मग बाईंकडे बघत राहिली. मग तिने दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा चाचपून पाहिला.

"तिला वाटतंय तिचंच चुकलं," बाई म्हणाल्या.

बार्शीच्या मूकबधिर शाळेतली ही गोष्ट. सोळा-सतरा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो आणि गावातल्या साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचो. सदर मी कॉम्प्युटरवर टाइप करतो हे गावात पसरलं होतं, त्यामुळे माझी गणना संगणकतज्ज्ञांत होत होती. घरी म्हैस असणाऱ्याला कुणी जनावरांचा डॉक्टर म्हणत नसे, पण घरी कॉम्प्युटर असला की माणूस आपोआप तज्ज्ञ व्हायचा. मीही नाही म्हणत नव्हतो. कॉलेजात मला कुणी कशाचाच तज्ज्ञ समजत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात गवसाने बाई माझ्या घरी आल्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगाने किरकोळ, खांद्याला पर्स आणि हातात स्टीलचा पोळीचा डबा. चहा नको म्हणाल्या आणि डबा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेली एक सीडी होती.

"बोलका फुगा," त्या म्हणाल्या. "नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. एवढं चालवून द्या."

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या दोन इंजिनिअर पोरांनी बहिऱ्या मुलांसाठी हे सॉफ्टवेअर केलं होतं. मुलाने माइकमध्ये 'आ' केलं की फुगा वर चढतो. आवाज थांबला की फुगा हळूहळू खाली येतो, येता येता रडका चेहरा करतो, पण मुलाला श्वास घ्यायला वेळ देतो. चार सेकंद आवाज टिकवला की फुगा ढगाला लागतो आणि ढगातून फुलं पडतात. ज्या मुलाला स्वतःचा आवाज कधी ऐकू येणार नाही, त्याला तो दिसतो. बाईंनी या फुग्यावर दहा वर्षांत अकरा मुलांचा आवाज काढला होता. बारावी पल्लवी खुपसे. वय सात, वडील वैरागजवळ वीटभट्टीवर.

"साडेतीन सेकंदांपर्यंत आली होती सुट्टीच्या आधी," बाई म्हणाल्या. "बुधवारी सोलापूरहून वाचातज्ज्ञ मॅडम येणार आहेत. त्या सहा महिन्यांतून एकदा येतात. ज्या मुलाचा आवाज निघतो त्याला बोलक्या वर्गात ठेवतात. नाही निघाला तर नाव काढतात. मग त्या मुलावर कुणी वेळ घालवत नाही हो. आणि सातच्या पुढं फार अवघड."

"आज काय वार?"

"गुरुवार."

मी सीडी उजेडात धरली. चकाकत्या बाजूवर मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं. त्याच्याभोवती हळदीची पाच बोटं, आणि कडेला एक अक्षत चिकटून वाळलेली.

"हे काय?"

"खंडेनवमीला पूजा करते ना दर वर्षी. आमचं तेच शस्त्र."

"बाई, या बाजूनेच तर कॉम्प्युटर वाचतो."

"म्हणजे?" त्या गोंधळल्या. "ही सुलट बाजू ना? चकचकीत ती सुलट."

दहा वर्षं त्या श्रद्धेने सॉफ्टवेअरच्या डोळ्यांत कुंकू घालत होत्या आणि दर दसऱ्याला आधीचं ओल्या फडक्याने पुसत होत्या. जुन्या कॉम्प्युटरवर सीडी घालायची गरज पडत नव्हती, सगळं आतच उतरवलेलं होतं, म्हणून कळलं नाही. मी चष्म्याचं फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन तासभर घासत बसलो. सीडीवर ओरखड्यांचं जाळं होतं, पण चौदाव्या खेपेला नव्या कॉम्प्युटरने ती घशाखाली उतरवली.

मग दुसरी अडचण. बोलक्या फुग्याला दोनशे छप्पन्न रंग लागत होते. नव्या कॉम्प्युटरकडे लाखो होते, आणि दोनशे छप्पन्नहून जास्त रंग समोर दिसले की फुगा सुरूच व्हायला तयार नसे. माझे सासरे या स्वभावाचे होते, त्यामुळे मला सवय होती. मी नव्याचे रंग कमी करून टाकले. शाळेचा पडदा हॉटेलातल्या जुन्या कॅलेंडरसारखा दिसायला लागला आणि शुक्रवारी दुपारी फुगा सुरू झाला. बाईंनी आनंदाने पल्लवीला वर्गातून ओढून आणली. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

सीडीच्या वेष्टनावर पुण्याचा एक नंबर होता. दोघांपैकी एक अमेरिकेत होता. दुसरा, हर्डीकर नावाचा, फोनवर सापडला.

"बोलका फुगा!" तो ओरडलाच. "अहो, अजून वापरतंय कुणी?"

"वापरायचंय. पण फुगा क्षणात खाली पडतो. नव्या कॉम्प्युटरवर."

"पडणारच," तो आनंदाने म्हणाला. "आम्ही फुग्याला घड्याळ दिलंच नव्हतं ना. आम्ही त्याला सांगितलं होतं, एक ते दहा लाख मोज आणि मग एक पायरी खाली ये. त्या काळी मशिनला दहा लाख मोजायला वेळ लागायचा. तुमचं नवं मशिन डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजतं."

"मग तो आकडा वाढवता येईल?"

"मूळ प्रोग्राम असेल तर येईल की."

"आहे?"

"फ्लॉप्यांवर होता. आईने माळा आवरला तेव्हा... दुसरा उपाय म्हणजे जुनं मशिन. त्याच्यावर लोण्यासारखं चालेल. नाहीतर मशिनला दमवणारे छोटे प्रोग्राम मिळतात, ते लावून बघा. बाकी सर, तुम्ही बार्शीचे ना? मी आता जमिनीचं काम बघतो. सोलापूर रोडला बिगरशेती प्लॉट आहेत. बघून तर जा."

दमवणारा प्रोग्राम मी मिळवला. नव्या कॉम्प्युटरला पाठीमागे निरर्थक कामाला जुंपून ठेवायचं, म्हणजे पुढचं काम तो रखडत करतो. सरकारी कचेरीत अशी सोय आधीपासून असते, इथे वेगळी बसवावी लागली. शनिवारी सकाळी फुगा अगदी पूर्वीसारखा, जड पावलांनी खाली यायला लागला. बाईंनी हात जोडले.

पल्लवीने 'आ' केलं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. विहिरीच्या तळातून यावा तसा, जाड आणि सपाट. फुगा हलला नाही. तिने पुन्हा केलं. फुगा निवडुंगावर पडला. तिने माइक ठेवला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. ती पाणी पीत असताना पडद्यावर नवा फुगा आला आणि कुणाच्याही मदतीशिवाय सरळ ढगापर्यंत चढला. फुलं पडली.

"हे काय आता?" बाईंनी विचारलं.

"आवाजही रखडतोय. तिने केलेला 'आ' त्याच्यापर्यंत पोचायला आठ-दहा सेकंद लागतात."

पल्लवीने बाटलीकडे बघितलं. मग मुद्दाम एक घोट घेतला आणि फुग्याकडे बघितलं. बाईंनी तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

"जुना कॉम्प्युटर कुठंय बाई?"

बाई पल्लवीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत बसल्या.

"बंद पडला होता का तो?"

"छे हो. चांगला चालत होता."

"मग?"

"तुम्ही अंधारेंना विचारा," त्या रिबिनीकडे बघत म्हणाल्या.

तुळजाराम अंधारे हे शाळेचे क्लार्क. कॉलेजच्या स्टाफरूममध्येही त्यांचं येणंजाणं होतं, कारण शाळेची आणि आमच्या कॉलेजची संस्था एकच. हसतमुख माणूस. मी जुन्या कॉम्प्युटरचं नाव काढताच त्यांनी टेबलाखालून डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि पानं उलटायला लागले.

"त्याचं काय झालंय सर, एका युनिटला एकच कॉम्प्युटर मंजूर आहे. जुना रजिस्टरला दिसतोय तोवर नवा जमा करून घेता येत नाही. नवा तर आमदारसाहेबांच्या हस्ते आलेला. हार घालून व्हरांड्यात उभा. मग जुना निर्लेखित केला, रजिस्टरातून उडवला."

"निर्लेखित म्हणजे खोलीत ठेवला असेल ना?"

"नाही नाही. निर्लेखित वस्तूचा गैरवापर होऊ नये म्हणून पंचांसमक्ष फोडायला लागतो. शिपायानं हातोडा घातला. पंचनामा आहे की." त्यांनी कागद दाखवला. "बाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला लातूरला होत्या. नाहीतर त्यांनी आरडाओरडा केला असता. फार जीव हो त्यांचा."

"तुकडे तरी?"

"पेटी आहे. शिपाई त्यात चपला ठेवतो."

माझं डोकं तापलं. सदर लिहून लिहून मला दुसऱ्याच्या मूर्खपणावर चिडायची चांगली सवय झाली होती. "अंधारे, चालू कॉम्प्युटर नुसता फोडता येतो? तो निकामी आहे असं कुणीतरी लेखी द्यावं लागत असेल ना?"

"लागतं तर. तज्ज्ञाचा दाखला लागतो. त्याशिवाय आपण काही करत नाही."

"कुठल्या गाढवाने दिला?"

अंधारेंनी माझ्याकडे बघितलं. मग रजिस्टरमध्ये टाचलेला कागद सोडवला, उलटा फिरवला आणि अदबीने माझ्यासमोर सरकवला. 'सदर संगणकाची प्रत्यक्ष तपासणी केली असता तो दुरुस्तीपलीकडे असल्याचे आढळून आले.' खाली माझी सही. सहीखाली माझी पदवी, माझ्याच अक्षरात.

"स्टाफरूमला आलो होतो ना मी," अंधारे म्हणाले. "तुम्हाला बेल झाली होती. एक सही हाणा तेवढी, म्हणलं. तुम्ही हाणली."

मला आठवलं ते असं की त्या दिवशी स्टाफरूममध्ये भजी होती. हात तेलकट होता म्हणून मी पेन रुमालाने धरलं होतं. कागद कशाचा होता ते मला आजही आठवत नाही. अशा सह्या आठवड्याला दहा-बारा व्हायच्या. रहिवासी दाखले, चांगल्या वर्तणुकीचे दाखले, एकदा तर एका गृहस्थांच्या हयातीचा. ते समोर नव्हते, पण हयात आहेत असं त्यांचा भाऊ म्हणत होता.

मी वर्गात परत गेलो. पल्लवी गेली होती. बाई खुर्च्या लावत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"दुसऱ्या कुणाकडं जाणार सर?" त्या सहज म्हणाल्या. "तुमच्या सहीनं मोडलं, म्हणून तुमच्याच हातानं नीट झालं तर बरं, असं वाटलं मला." आणि शेवटची खुर्ची सरळ करून म्हणाल्या, "बोलायचं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून."

त्यांनी चिडायला हवं होतं. चिडलेल्या माणसाशी वाद घालता येतो.

रविवारी मी गावात जुना कॉम्प्युटर शोधत फिरलो. टायपिंग इन्स्टिट्यूट, फोटो स्टुडिओ, एक पतसंस्था. सगळीकडे नवे आले होते आणि जुने गेले होते. कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना. पतसंस्थेच्या मॅनेजरने उलट मलाच विचारलं, "सर, आमचा भंगारात काढला तेव्हा दाखला तुम्हीच दिला होता ना?"

सोमवारी मला तोडगा सुचला. फुग्यात शिक्षकांसाठी एक चावी ठेवलेली होती. मुलाला खेळ समजावून देताना शिक्षकाने ती दाबली की फुगा एक पायरी वर जायचा. दमवलेल्या कॉम्प्युटरवर आवाज रखडत होता, चावी मात्र लगेच चालत होती.

"माइक बंद करायचा," मी बाईंना सांगितलं. "ती 'आ' करेल तेव्हा मी मागे बसून चावी दाबणार. थांबली की थांबणार. तिला काय कळणार आहे?"

"फसवायचं तिला?"

"बुधवारपर्यंत. चार सेकंद होईपर्यंत."

बाईंनी माइकचं बटण बंद केलं. मग पल्लवीला आणायला गेल्या.

मी कीबोर्ड तारेसकट मांडीवर घेऊन टेबलामागे, पडदा तिरका दिसेल असा बसलो. पल्लवीने माइक धरला, पण तोंड उघडेना. चार दिवसांत ती फुग्याला भ्यायला लागली होती. बाईंनी तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला, 'आ' केलं. मग तिचा हात तिच्याच गळ्यावर ठेवला. अखेर तो विहिरीतला आवाज आला. मी चावी दाबली. फुगा उठला.

पल्लवीचे डोळे एवढे मोठे झाले. तिने श्वास घेतला, पुन्हा 'आ'. फुगा चढला. ती थांबली, मी थांबलो, फुगा रडका चेहरा करून खाली येऊ लागला, तिने घाईने 'आ' केलं, मी दाबली, फुगा पुन्हा वर. बाई घड्याळाकडे बघत बोटं उघडत होत्या. दोन. अडीच. तीन. पल्लवी हसायला लागली आणि हसण्यातही आवाज होता. तीन आणि वर थोडं. बाईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत माझ्या एकाही वाक्याने कुणाचा चेहरा असा झालेला मी बघितला नव्हता. मी पडद्यावरून नजर न हलवता चावी दाबत राहिलो. फुगा चढत गेला, चढत गेला, ढगाला टेकला. फुलं पडली.

"सर," बाई अगदी हळू म्हणाल्या.

मी पल्लवीकडे बघितलं. तिचं तोंड बंद होतं. ओठ दाताखाली दाबून धरलेले होते. फुगा अर्ध्यावर असतानाच तिने ते बंद केले होते, मुद्दाम, बघायला. आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो, तिचा आवाजही ऐकत नव्हतो, नुसता पडद्याकडे बघत होतो.

ती उठली. टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आली. माझ्या मांडीवरचा कीबोर्ड बघितला, चावीवरचं माझं बोट बघितलं. दोन बोटांच्या चिमटीत माझं बोट धरून तिने ते बाजूला केलं, जसं पानावरून सुरवंट बाजूला करावा. मग स्वतःचं बोट ठेवून चावी दाबली. फुगा एक पायरी वर गेला. अजून दाबली. अजून एक पायरी. तिने मान हलवली, माइक टेबलावर आडवा ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. वही काढून आगगाडीचं चित्र रंगवायला लागली.

त्या अख्ख्या प्रकरणात यंत्र प्रत्यक्ष तपासून पाहणारं माणूस तेवढं एकच निघालं.

मंगळवारी बाईंनी फुगा लावलाच नाही. आरसा घेतला, मेणबत्ती घेतली, बोटांवर फुंकर घालायला लावली, जुन्या पद्धतीने जे जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. पल्लवी सगळं शहाण्यासारखं करत होती. आवाज तेवढा काढत नव्हती.

बुधवारी अकराला वाचातज्ज्ञ मॅडम आल्या. तरुण होत्या, घाईत नव्हत्या, वाईटही नव्हत्या. त्यांनी पल्लवीला जवळ घेतलं, लिमलेटची गोळी दिली, गळ्यावर हात ठेवून 'आ' करून दाखवलं. दहा मिनिटं थांबल्या. पल्लवीने ओठ दाताखाली घेतले आणि खोलीत सगळ्यांचे हात कुठे आहेत ते बघितलं. मॅडमचे तिच्या गळ्यावर होते. बाईंचे पदरात होते. मी माझे खिशातून बाहेर काढून मांडीवर उताणे ठेवले, तिला दिसतील असे. तिने ते बघितले आणि तोंड फिरवलं.

"साडेतीन सेकंद करत होती हो मॅडम," बाई म्हणाल्या. "खरंच करत होती."

"असेल ना बाई. पण मला आज जे दिसतंय तेच लिहावं लागतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फॉर्मच्या एका रकान्यात दोन शब्द लिहिले. मी वाचले नाहीत. बाईंनी वाचले आणि पल्लवीचा हात धरून तिला वर्गात घेऊन गेल्या. बोलक्या वर्गात नाही, पलीकडच्या.

अंधारे फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. "सर, शेवटचा रकाना राहिलाय. तंत्रसाधनांचा. तेवढी एक सही हाणा."

मी फॉर्म हातात घेतला. 'वाचा प्रशिक्षणासाठी संगणकीय साधन उपलब्ध आहे काय? असल्यास चालू की बंद?' पुढे तज्ज्ञाची सही.

"बंद लिहिलं तर?" मी विचारलं.

"तर नवा कॉम्प्युटर निकामी ठरतो सर. मग तो निर्लेखित करायला लागेल. परत दाखला, परत पंच." अंधारे मनापासून काळजीने म्हणाले. "आणि खोटं कुठंय? चालतोय की. तुम्हीच चालू केलाय."

मी उठून वर्गात गेलो. कॉम्प्युटर लावला. आभाळ आलं, ढग आला, निवडुंग आलं, फुगा आला. माझ्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं. फुगा रडका चेहरा करत, सावकाश, खाली येऊन फुटला आणि दुसरा आला. मी तीन फुगे पाहिले. मग परत येऊन 'चालू स्थितीत' असं लिहिलं आणि सही केली.

या वेळी प्रत्यक्ष तपासून केली.